जुन्या फायबर ग्लास फ्लाय रॉडची दुरुस्ती: आधी सांधा, मग कड्या, झिलई सर्वांत शेवटी

वाईच्या वाड्यातील माळा आवरताना आपल्याला आजोबांच्या सामानात दोन जुने फ्लाय रॉड, म्हणजे कृत्रिम माशी फेकून मासे धरायच्या काठ्या, सापडले. आजोबा कोयना प्रकल्पावर अभियंता होते आणि मधल्या काळात परदेशी प्रशिक्षणाला जाऊन आले होते, असे आपण लिहिले आहे. पहिला रॉड पांढरट रंगाचा असून त्याचा सांधा धातूचा आहे, आणि मुठीच्या वर पुसटशी इंग्रजी अक्षरे आहेत. त्यांतील ‘एचडीएच’ एवढीच आपल्याला वाचता आली. दुसरा तपकिरी, त्याच्यावर ‘फेनविक’ हे नाव स्पष्ट आहे, पण त्याचा सांधा इतका ढिला झाला आहे की वरचा भाग झटक्यासरशी निसटतो. दोन्हींचे दोरे सुटले आहेत. हे रॉड दुरुस्त होतील का, घासून-पुसून नव्यासारखे करावेत की आहेत तसे ठेवावेत, आणि पुढे असे रॉड जमवायचे असतील तर काय पाहावे, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी सांगलीत राहून बरीच वर्षे हेच काम करतो, त्यामुळे शक्यतो आपल्याकडे मिळणाऱ्या साहित्याच्या आधाराने उत्तर देतो.

दोन्ही रॉड दुरुस्त होतील, याविषयी मला फारशी शंका नाही. नव्यासारखे मात्र करू नयेत. फायबर ग्लासच्या रॉडमध्ये खरी किंमत असते ती त्या पोकळ, निमुळत्या नळीला, जिला रॉड बनवणारे ‘ब्लँक’ म्हणतात. ही नळी पन्नास-साठ वर्षे सहज टिकते, कारण ती कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही आणि बांबूच्या रॉडसारखा तिला सहजासहजी बाक धरत नाही. बिघडतो तो सांधा, झिजतात त्या लाइन (मासेमारीची दोरी) ओवायच्या कड्या, आणि सुटतात ते कड्या बांधणारे दोरे. नवखा माणूस नेमके उलट करतो. तो नळी घासून चकचकीत करतो, त्या भरात कंपनीची अक्षरे पुसून टाकतो, आणि ज्या सांध्यामुळे रॉड निकामी झाला आहे तो तसाच ठेवतो.

आता ओळख पटवण्याविषयी. आपला पांढरा रॉड अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅलमझू येथील शेक्सपिअर कंपनीचा ‘वंडररॉड’ असण्याचा संभव बराच आहे. डॉ. आर्थर हॉवाल्ड हे प्लास्टिक उद्योगातील तंत्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या बांबूच्या फ्लाय रॉडचे टोक मोडले आणि नवीन बांबू मिळेना, तेव्हा त्यांनी काचतंतू (म्हणजेच फायबर ग्लास) आणि राळ यांपासून टोक तयार केले. त्यातूनच पुढे शेक्सपिअर कंपनीने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे रॉड बाजारात आणले. हॉवाल्ड पद्धतीत आतल्या थरातील तंतू मळसूत्रासारखे गुंडाळलेले आणि बाहेरच्या थरातील तंतू लांबीला समांतर असतात. रॉड उन्हाकडे धरून हळूहळू फिरवलात, तर उभ्या तंतूंच्या बारीक रेषा आणि त्यांच्या आत तिरप्या जाणाऱ्या छटा बहुधा दिसतील. १९५० मध्ये अमेरिकेने चीनच्या मालावर बंदी घातली, रॉडसाठी लागणारा टोंकिन बांबू तिकडे जाणे थांबले, आणि काचतंतूच्या रॉडला आयती बाजारपेठ मिळाली. वंडररॉड प्रचंड संख्येने विकले गेले, म्हणून ते दुर्मीळ नाहीत. आपल्याकडे मात्र क्वचितच सापडतात, आणि आजोबांची वस्तू म्हणून त्याचे मोल निराळेच आहे.

तपकिरी रॉडची जात वेगळी. बहुतेक कंपन्या काचतंतूचे विणलेले कापड राळेत भिजवून, त्याचा निमुळता तुकडा कापून, तो पोलादी सळईवर गुंडाळीत. वरून सेलोफेनची पट्टी ताणून बांधीत आणि भट्टीत भाजून घेत. पट्टी काढल्यावर नळीवर बारीक कंगोरे राहतात. काही कंपन्या ते घासून काढीत, काही तसेच ठेवीत. जिथे कंगोरे आहेत तिथे ते त्या कंपनीच्या हाताची खूण आहेत, पॉलिश पेपर घेऊन त्यांच्या मागे लागू नये. फेनविकचे नाव विशेष घेतले जाते ते सांध्यामुळे. जिम ग्रीन यांनी १९६० च्या दशकात धातूच्या फेरूलऐवजी (सांध्याच्या एकात एक बसणाऱ्या नळकांड्यांऐवजी) काचतंतूचाच सांधा फेनविकच्या रॉडमध्ये आणला, त्याला ‘फेरालाइट’ हे नाव मिळाले. धातूचा सांधा वाकत नाही, त्यामुळे रॉडच्या मध्यावर एक ताठ जागा राहते आणि वजनही वाढते. काचतंतूचा सांधा रॉडबरोबर वाकतो. पुढे याच कंपनीने १९७३ च्या सुमारास कार्बनचा रॉड बाजारात आणला, आणि दहाएक वर्षांत काचतंतूचे रॉड अडगळीत गेले. म्हणजे आपल्या दोन रॉडमध्ये या तंत्राची सुरुवात आणि त्याचा बहर, दोन्ही आहेत.

कार्बनचा तंतू काचतंतूच्या साधारण तिप्पट ताठ असतो (७२ गिगापास्कलच्या जागी सुमारे २३०), म्हणून कार्बनचा रॉड हलका होतो आणि लाइन लांब फेकतो. पण तुटण्याआधी काचतंतू चार टक्क्यांहून अधिक ताणला जातो, तर कार्बन दीड टक्क्याच्या आसपासच हार मानतो. जुना काचेचा रॉड दाराच्या फटीत सापडला नाही तर सहसा मोडत नाही, आणि लहान माशाचीही ओढ हाताला नीट लागते, याचे कारण हेच आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी दोन्ही रॉड दिवसाच्या उजेडात नीट तपासून घ्या. नळीवर बोटाचे नख हळूहळू फिरवा. भेग असेल तिथे ते अडखळते. अर्धपारदर्शक नळीत आतल्या बाजूला पांढरा ढग दिसला, तर तिथे थर एकमेकांपासून सुटले आहेत असे समजावे. मग सांधा जोडून टोक गालिच्यावर टेकवा, रॉड हळूहळू वाकवत फिरवा आणि कान देऊन ऐका. सुकी टकटक सांध्यापाशी ऐकू आली तर फेरूलचा डिंक सुटला आहे. नळीच्या मध्येच आली तर काम जरा कठीण आहे. हे सर्व वहीत लिहून ठेवा. त्याच वहीत प्रत्येक कडीचे टोकापासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये, दोऱ्याचे रंग, प्रत्येक बांधणीची रुंदी आणि शोभेच्या बारीक वेढ्यांची संख्या नोंदवा, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्रे काढा. जुने दोरे एकदा कापले की मूळ मांडणीचा पुरावा संपतो. पुढे रॉड कोणा जाणकाराला दाखवायचा झाला, तर तो सर्वांत आधी याच गोष्टी विचारेल.

सांध्यावर मी मुद्दाम जास्त लिहितो, कारण इथेच रॉड वाचतो किंवा जातो.

पांढऱ्या रॉडचा धातूचा सांधा अडकलेला असेल तर तो पिळून सोडवू नये. काचतंतू वाकण्याला जितके समर्थ तितके पिळवटण्याला नसतात, आणि फेरूलच्या काठाशी नळी उभी चिरते. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरावा, सांधा दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये ठेवावा, हात सरळ ठेवून गुडघ्यांच्या बाहेरून दोन्ही भाग पकडावेत आणि गुडघे सावकाश फाकवावेत. जोर अगदी सरळ रेषेत लागतो. एवढ्याने सुटला नाही तर सांध्याला थोडा वेळ बर्फ लावून, मग फक्त बाहेरच्या नळकांड्याला गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ऊब द्यावी. बाहेरचे प्रसरण पावते, आतले अजून थंड असते. गॅसची ज्योत वापरू नये, राळ जळते आणि तिथे रॉड कायमचा मऊ पडतो.

सुटल्यावर आतबाहेर स्पिरिटने पुसावे, हिरवट थर असेल तर सर्वांत बारीक स्टील वूलने अगदी हलक्या हाताने काढावा. पितळेवरच्या निकेलचा मुलामा पातळ असतो, आणि तो उडाला की सांधा ढिला होतो. पुष्कळदा नुसती स्वच्छता केल्यावरच सांधा पुन्हा घट्ट बसू लागतो आणि ओढताना ‘टप्’ असा आवाज येतो. तो आला की तिथेच थांबावे. धातूच्या सांध्याला तेल, ग्रीस, मेण काही लावू नये, कारण त्यात धूळ धरते आणि ती कानसेचे काम करते. ढिलेपणा उरलाच तर आतल्या भागाला पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्यावा. पकडीने बाहेरचे नळकांडे दाबण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसे केल्यास ते लंबगोल होते, दोन ठिकाणी आवळते आणि दोन ठिकाणी मोकळे राहते. असे बिघडलेले फेरूल बदलावेच लागते. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतील चांगल्या टर्नरला मूळ फेरूल नमुना म्हणून दिले, तर पितळेचे नवे करून मिळू शकते, परंतु दोन भागांतील अंतर शतांश मिलिमीटरमध्ये सांभाळायचे आहे हे त्याला आधीच सांगावे, नाहीतर तो सायकलच्या सीटपोस्टच्या मापाने काम करून देईल.

फेरूलच नळीवर हलत असेल तर ते काढून पुन्हा चिकटवावे लागते. आधी त्यात आडवी बारीक पिन आहे का ते पाहावे, असल्यास ती बाहेर काढावी. नंतर उकळत्या पाण्याची वाफ द्यावी आणि सरळ ओढावे. चिकटवण्यासाठी सावकाश घट्ट होणारे, चोवीस तासांचे आरल्डाइट योग्य. पाच मिनिटांत घट्ट होणारे प्रकार ओल आणि उष्णता सहन करत नाहीत, आणि मे महिन्यात सांगलीच्या उन्हात मोटारीत राहिलेल्या रॉडचे तापमान किती होते याची कल्पना आपल्याला असेलच.

तपकिरी रॉडच्या सांध्याचे काम वेगळे आहे. काचतंतूचा सांधा वापरून झिजतो, आणि झिजेल हे धरूनच तो बनवलेला असतो. ज्या रॉडमध्ये खालच्या भागात बसवलेली खुंटी वरच्या भागाच्या पोकळीत शिरते, तिथे दोन्ही भाग पूर्ण जोडल्यावरही मध्ये सहा ते बारा मिलिमीटर फट राहायला हवी; ही फट म्हणजे झिजेसाठी ठेवलेली शिल्लक, तिला दोष समजून बुजवू नये. बाहेरून चढणाऱ्या बाहीच्या सांध्यातही तत्त्व तेच: भाग तळाला जाऊन टेकू लागले की पकड गेली. आपला सांधा निसटतो म्हणजे शिल्लक संपली आहे. आधी आतल्या भागावर मेणबत्तीचे पांढरे मेण घासून पाहा. झीज थोडी असेल तर एवढ्यावर एक-दोन वर्षे निघतात. नाही निघाली तर आतल्या भागावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेषा काढा, सांधा जोडून थोडा फिरवा आणि रेषा कुठे पुसल्या ते पाहा. जिथे पुसल्या नाहीत तिथे स्पर्शच होत नाही. मेण स्पिरिटने पूर्ण काढून आतल्या भागाला, दोऱ्यांवर देतात त्याच दोन-घटकी इपॉक्सी लेपाचा अत्यंत पातळ हात द्या, आठवडाभर कडक होऊ द्या, आणि मग हजार-पंधराशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून थोडे थोडे घासत, दर वेळी जोडून पाहत, फट परत येईपर्यंत काम करा. घाई केली तर सांधा अडकतो, आणि आधीच्या परिच्छेदांकडे परत यावे लागते.

बाहीच्या तोंडाशी उभी चीर असेल तर तीही आताच पाहून घ्या. बाही बोटांनी किंचित दाबल्यावर चीर उघडते. त्या क्षणी पातळ इपॉक्सी तिच्यात मुरू द्यावे, आणि तोंडावर दोऱ्याचे घट्ट वेढे घालून वरून लेप द्यावा. काच ही घासल्यावर बारीक तंतूंच्या रूपात उडते, म्हणून घासकाम नेहमी ओले करावे, नाकाला मास्क बांधावा आणि ते कपडे घरच्या इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

आता कड्या. गुळगुळीत तारेच्या नागमोडी कड्यांत लाइनने खाच पाडली असेल तर ती कडी बदलायची, कारण त्या खाचेत महागडी लाइन सोलून निघते. कानात घालायची कापसाची काडी कडीतून फिरवली की तंतू कुठे अडकतो ते कळते. साधारण नियम असा की रॉड जितक्या फुटांचा, त्याहून एक कडी अधिक असावी, पण जुन्या रॉडवर याहून कमी सापडल्या तर त्या तशाच राहू द्याव्यात. आपण रॉड सुधारायला बसलेलो नाही. टोकाची कडी उष्णतेने सैल होणाऱ्या डिंकानेच बसवावी, म्हणजे पुढे कधी बदलताना नळीला इजा होत नाही.

जुने दोरे कापताना पाते नेहमी कडीच्या धातूच्या पायावर चालवावे, नळीवर कधीच नाही. दोरा निघाल्यावर उरलेला वार्निशचा काठ कोमट झाल्यावर नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने निघतो, चिकट अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. थिनर, अ‍ॅसिटोन, रंग काढायचे रसायन यांना जवळ येऊ देऊ नये. पांढऱ्या-पिवळ्या रॉडमध्ये अनेकदा पॉलिस्टर राळ असते, आणि ही द्रव्ये तिचा पृष्ठभाग खातात.

दोरा कुठून आणावा, हा आपल्याला पडणारा पुढचा प्रश्न. मूळ रॉडवर बहुधा नायलॉनचा बारीक दोरा असतो. तसा परदेशी दोरा मागवता येतो. मात्र रेशमी दोऱ्यासाठी मी आमच्या गावातील पटवेकऱ्याकडे जातो. मंगळसूत्रे गाठवणाऱ्या या मंडळींकडे पीळ एकसारखा असलेले बारीक रेशीम मिळते, आणि गाठ न दिसता दोऱ्याचे टोक आत कसे दडवावे हेही त्यांच्या हाताकडे पाहून शिकता येते. मिरजेत सतारीचे पडदे दोऱ्याने बांधणाऱ्या कारागिरांचा हात पाहण्याची संधी मिळाली तर तीही सोडू नका. ताण एकसारखा ठेवण्याची त्यांची सवय आपल्या कामाला थेट उपयोगी आहे. एक गोष्ट मात्र आधी तुटक्या नळीवर करून पाहा: लेप मुरल्यावर दोऱ्याचा रंग पालटतो. नायलॉन गडद होतो, रेशीम तर जवळजवळ पारदर्शक होऊन खालची नळी आणि कडीचा पाय दाखवू लागते. रंग तसाच राखायचा असेल तर लेपाआधी रंगरक्षक द्रव्याचे दोन हात द्यावे लागतात. आपल्या जुन्या रॉडवर काय केले होते ते छायाचित्रांत मोठे करून पाहा आणि तेच करा.

कडीच्या पायाचे टोक कानसेने इतके पातळ करावे की दोरा त्यावर न अडखळता चढेल. हे केले नाही तर तिथे फट राहते, पाणी शिरते आणि लेप तडकतो. वेढे नळीवरून सुरू करून कडीच्या दिशेने न्यावेत. ताणासाठी दोरा जाड पुस्तकाच्या पानांमधून घ्यावा. वरचे वजन कमीजास्त करून ताण हवा तसा जमतो. शेवटचे सहा-आठ वेढे उरले की दुसऱ्या दोऱ्याचा फास त्यांच्याखाली ठेवावा, मुख्य दोऱ्याचे टोक त्यात ओवून फास ओढून घ्यावा. बांधणी झाल्यावर कडी बोटाने किंचित सरकवता आली पाहिजे, म्हणजे सर्व कड्या एका रेषेत आणता येतात. पोलादासारखे घट्ट बांधण्याची हौस करणाऱ्यांच्या रॉडवर कडीच्या पायाखालीच नळी चिरडलेली मी पाहिली आहे.

लेपासाठी दोन-घटकी रॉड-इपॉक्सी वापरावे, दोन्ही भाग सुईविना सिरिंजने अगदी सारखे मोजावेत, आणि बुडबुडे येणार नाहीत असे हळूहळू ढवळावे. लेप ओघळू नये म्हणून रॉड काही तास सतत फिरत राहावा लागतो. त्यासाठी विलायती यंत्राची गरज नाही. कूलरच्या झडपा हलवणारी, मिनिटाला चार-सहा फेरे घेणारी छोटी सिंक्रोनस मोटर विद्युत साहित्याच्या दुकानात मिळते. गणपतीच्या आरासीत चक्र फिरवायला अशाच हळू चालणाऱ्या मोटरी लावतात. ती कधी उजवीकडे तर कधी डावीकडे फिरू लागते, त्याने काही बिघडत नाही. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे. हवामानाचे मात्र पथ्य पाळा. पावसाळ्यात वाई-महाबळेश्वरच्या बाजूला हवेत इतकी ओल असते की लेपावर दुधाळ साय येते आणि ती पुसून जात नाही. ऐन उन्हाळ्यात मिश्रण ब्रशवरच घट्ट होऊ लागते. दिवाळीनंतर माघापर्यंतचे दिवस या कामाला उत्तम, आणि तोपर्यंत सांध्याचे काम उरकून घेता येईल.

नळीच्या पृष्ठभागाला शक्यतो हात लावू नका. ऊन लागून वरची राळ उडाली असेल आणि हाताला तंतू टोचत असतील, तर तेवढ्याच भागावर लेपाचा एक पुसटसा हात द्या. सगळा रॉड रंगवणे किंवा वार्निशने मढवणे म्हणजे टोकाकडच्या भागाला वजन देणे, आणि काचतंतूचा रॉड आधीच टोकाला जड असतो. अक्षरांवर तर कागदी चिकटपट्टीसुद्धा लावू नका. पट्टी निघताना तीच अक्षरे घेऊन निघते.

बुचाची मूठ कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने आणि मऊ स्क्रबरने धुवा. काळपट रंग पुष्कळसा जातो, सगळा नाही, आणि सगळा जाऊही नये. खड्डे असतील तर बुचाचा बारीक भुसा पाणी सहन करणाऱ्या लाकडी डिंकात कालवून भरावा. मूठ पॉलिश पेपरने घासून गोरी करणारे लोक तिचा आकारच बारीक करून टाकतात, मग बाजारात ती बदललेली मूठ म्हणूनच गणली जाते. रीलच्या (लाइन गुंडाळायच्या चक्राच्या) बैठकीची फिरकी अडकली असेल तर भेदक तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा, आणि तेल बुचापर्यंत जाणार नाही याची काळजी घ्या.

नळीच मोडलेली असेल, तर टोकाकडचे दोन-तीन इंच गेले असल्यास थोडी मोठी टोकाची कडी बसवून रॉड वापरता येतो. तो किंचित ताठ लागतो, इतकेच. मध्यावर मोडल्यास दुसऱ्या जुन्या काचतंतूच्या रॉडचा, त्याच निमुळतेपणाचा तुकडा आतून आधार म्हणून घालतात. असे तुकडे मिळवण्यासाठी मी मोडके, बिननावाचे रॉडही विकत घेतो.

यावरून तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. जमवायला सुरुवात करताना नावांच्या मागे धावू नका. पॅसाडीनाचे रस पीक, न्यूयॉर्कचे व्हिन्स कमिंग्ज, डेन्व्हरचे फिलिप्सन, सॅन फ्रान्सिस्कोचे स्कॉट, इंग्लंडातील ॲनिकचे हार्डी यांच्या काचतंतूच्या रॉडना परदेशी संग्राहकांत मागणी आहे, पण ते आपल्या वाट्याला क्वचित येतात, आणि आले तर किंमत विकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. आपल्याकडे मिळतात ते चहामळ्यांचे साहेब, लष्करी अधिकारी, मिशनरी आणि परदेशी प्रशिक्षणाला गेलेले अभियंते यांच्या घरांतून निघालेले. पाचगणी-महाबळेश्वरच्या बंगल्यांतील सामान मोडीत निघते तेव्हा ते पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पोहोचते, आणि तिथे त्याला काठीच्या भावाने विकतात. घेताना मी तीनच गोष्टी पाहतो: दोन्ही भागांची लांबी सारखी आहे का, सांध्याचे दोन्ही अर्धे मूळचे आहेत का, आणि अक्षरे वाचता येतात का. भागांची लांबी आखूड-लांब असेल तर टोक मोडलेले असते, मग विकणारा काहीही सांगो. रंग उडाला आहे, दोरे सुटले आहेत, मूठ काळी आहे, हे सगळे माझ्या दृष्टीने उलट चांगले, कारण कोणी ‘दुरुस्ती’ केलेली नाही.

पुरातून निघालेला रॉड मिळाला तर तोही टाकू नका. २०१९ च्या कृष्णेच्या पुरानंतर सांगलीत असे सामान पुष्कळ रस्त्यावर आले. पोकळ नळीत गाळ शिरलेला असतो. तो वाळण्यापूर्वी पाण्याच्या बारीक धारेने धुऊन काढावा आणि भाग सावलीत टांगून काही आठवडे सुकू द्यावेत. ओला रॉड कापडी पिशवीत घालून नळकांड्यात बंद करणे हे पुरापेक्षाही वाईट, कारण वार्निशला फोड येतात आणि फेरूल हिरवे पडते. नळकांडे तासगावकडच्या ठिबक-पाइपच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसीचे कापून घ्या, दोन्ही टोकांना टोपणे आणि एका टोपणाला लहान छिद्र.

शेवटी लाइनविषयी, कारण त्या ‘एचडीएच’ अक्षरांचा उलगडा राहिला. पूर्वी लाइनची जाडी अक्षरांनी सांगत. ‘ए’ म्हणजे ०.०६० इंच, आणि पुढच्या प्रत्येक अक्षरामागे ०.००५ इंच कमी; त्यामुळे ‘एचडीएच’ म्हणजे दोन्ही टोकांना ०.०२५ आणि मध्ये ०.०४५ इंच जाडीची दुहेरी निमुळती लाइन. रेशमी लाइन होती तोवर जाडीवरून वजन कळे. नायलॉन आणि प्लास्टिकचे थर आले तेव्हा सारख्या जाडीच्या लाइनींची वजने वेगवेगळी होऊ लागली, म्हणून १९६० च्या दशकाच्या आरंभी पहिल्या ३० फुटांच्या वजनावर क्रमांक ठरले. ‘एचडीएच’ आजच्या ६ क्रमांकाच्या दुहेरी निमुळत्या लाइनीशी जुळते, जिचे पहिले ३० फूट १६० ग्रेन म्हणजे सुमारे १०.४ ग्रॅम भरतात. जुनी, बिनखुणेची लाइन हाती असेल तर तेवढा भाग मोजून सराफाच्या काट्यावर ठेवा, ९.१ ग्रॅम भरली तर ती ५ क्रमांकाची, १२ भरली तर ७ क्रमांकाची. तपकिरी रॉडवर क्रमांक छापलेला असेल, तो मुठीच्या वर शोधा.

पहिल्यांदा लाइन फेकून पाहाल ती पाण्यावर नव्हे, मोकळ्या मैदानावर, माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. कार्बनच्या रॉडची सवय असलेला हात इथे घाई करतो. काचतंतूचा रॉड मुठीपर्यंत वाकतो आणि सावकाश सरळ होतो, म्हणून मागे गेलेली लाइन पूर्ण ताणली जाईपर्यंत थांबावे लागते. त्यानंतर कृष्णेच्या संथ भागात चिलापीवर लहान माशी टाकून पाहा. मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेची परवानगी आधी घ्या, आणि कोयनेच्या शिवसागराकडे मात्र रॉड घेऊन जाऊ नका, ते क्षेत्र सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते. पांढऱ्या रॉडची अक्षरे भिंग लावून वाचता आली तर ती आणि फेरूलच्या तोंडाचे माप मला कळवा, म्हणजे तो नेमका कोणत्या प्रकारातला, याचा शोध घेता येईल.